स्तंभाकडे लाखो जातात, पेन्शनरांच्या घराकडे वाट कुठे?

सोलापूर हे रस्त्यांचं गाव आहे. पुणे-हैदराबाद महामार्ग इथून जातो. धुळ्याकडून येणारा महामार्ग इथूनच पुढे विजयपूरला जातो. या रस्त्यांवर उभं राहिलं की पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट किती किलोमीटर ते सांगणारे फलक दिसतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. लोक तिकडे जातात, त्यांना वाट सांगितलीच पाहिजे. पण फलक नुसती वाट सांगत नाही. कुठे जाणं महत्त्वाचं आहे हे सरकारनं ठरवलेलं असतं, आणि फलक ते प्रत्येक वाहनचालकाला सांगत असतो.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत महामार्गावर वृद्ध आणि अपंग माजी सैनिकांच्या निवासाकडे, म्हणजे 'व्हेटरन्स होम'कडे वळायचे फलक असतात. गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना तिथे जायचं नसतं. तरी जाता जाता त्यांना कळतं की या वळणावर काही म्हातारे फौजी राहतात आणि त्यांची जबाबदारी सरकारनं घेतलेली आहे. आपल्याकडे महामार्गावर असा फलक किती ठिकाणी दिसतो? आणि तो लागला तरी त्या वाटेच्या शेवटी नेमकं कोणाचं घर असतं? हे दोन प्रश्न आम्ही आंबेडकरी तरुणांपुढे ठेवत आहोत, कारण आपल्या चळवळीचा पाया माजी सैनिकांच्या घरांतच घातला गेला. आपल्याला मात्र रणांगण पाठ आहे, ती घरं आठवत नाहीत.

स्तंभ आपल्याला माहीत आहे

१ जानेवारी १८१८ ची भीमा कोरेगावची लढाई कोणाला सांगायला नको. स्तंभावर मृतांची ४९ नावं आहेत, त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, हे आपल्या पोरांना तोंडपाठ असतं. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि त्या दगडाला आवाज मिळाला. आता दरवर्षी तिथे लाखोंचा जनसागर लोटतो.

दरवर्षी तोच वादही लोटतो. "तुमचे पूर्वज इंग्रजांचे चाकर होते" असं कोणीतरी म्हणतं आणि आपण जानेवारीचा पहिला आठवडा उत्तरं देण्यात घालवतो. आमचं म्हणणं असं की या आरोपाचं उत्तर लढाईत शोधू नका. ते शिपाई पलटणीतून परत आल्यावर काय करत होते ते बघा. उत्तर तिथे आहे, कागदावर आहे, सहीशिक्क्यासह आहे.

दापोलीचे पेन्शनर

युरोपात राजांनी म्हाताऱ्या आणि जखमी सैनिकांसाठी घरं बांधली. पॅरिसमध्ये चौदाव्या लुईनं १६७० मध्ये 'इन्व्हालिद' उभारायचा हुकूम दिला. लंडनजवळ चेल्सीला दुसऱ्या चार्ल्सनं १६८२ मध्ये तशीच वास्तू सुरू केली. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला महार शिपाई मात्र पेन्शन घेऊन आपल्या मुलखात यायचा. गावात गेला की तो पुन्हा गावकुसाबाहेरचा. छातीवर बिल्ला असला तरी पाणवठा बंदच. म्हणून कित्येक पेन्शनर मूळ गावी न जाता छावणीच्या गावात राहिले. तिथे आपल्यासारखे चार फौजी शेजारी असत, पोरांच्या शिक्षणाची थोडीफार आशा असे आणि वेठबिगारीचा जाच कमी असे.

कोकणातलं कॅम्प दापोली हे असंच गाव. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. तिथून ते 'दीनबंधू' आणि 'सुधारक'मध्ये लिहू लागले. अस्पृश्यतेचा धर्मशास्त्रीय आधारच तपासणारी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका त्यांनी लिहिली आणि 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापन केली. हे लेखन कोणा प्राध्यापकाचं नव्हतं, एका निवृत्त फौजीचं होतं. पलटणीत सैनिकांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. गावच्या शाळेत व्हरांड्यातही जागा न मिळणाऱ्या समाजात लिहिता-वाचता येणारी एक पिढी तयार झाली ती या शाळांमुळे. सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर तेही कुटुंब घेऊन आधी दापोलीला आले, मग साताऱ्याला गेले.

पुढे काय झालं? १८५७ नंतर फौजेची नव्यानं जातवार बांधणी सुरू झाली. 'लढवय्या जातीं'चा सिद्धांत मांडला गेला. अस्पृश्य सुभेदाराचा हुकूम सवर्ण शिपायानं मानायचा कसा, ही अडचण सरकारला मोठी वाटू लागली आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं कोरली, त्यांच्याच नातवंडांना त्याच सरकारनं नालायक ठरवलं.

या अन्यायाविरुद्ध पहिला अर्ज तयार झाला तोही पेन्शनरांच्या घरात. १८९४ च्या सुमारास वलंगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून सरसेनापतींच्या नावे अर्ज लिहिला. १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी दख्खनच्या महारांच्या वतीनं थेट भारतमंत्र्यांकडे, लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज पाठवला. त्यात फौज, पोलीस आणि सरकारी नोकरीत प्रवेश मागितला होता.

चाकर माणूस मालकाला असे अर्ज लिहीत नाही. या लोकांनी केलेल्या सेवेचा हिशेब मांडला आणि त्या हिशेबावर नागरिकत्व मागितलं. 'चाकर' म्हणणाऱ्यांना द्यायचं उत्तर हेच आहे.

टोलनाक्यावरची ती रात्र

आता रस्त्याकडे येऊ. १९०१ च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून चार मुलं प्रवासाला निघाली. त्यांपैकी एक नऊ-दहा वर्षांचा भीमराव. वडील निवृत्त सुभेदार. ते तेव्हा दुष्काळी कामावर खजिनदार म्हणून गोरेगावला होते आणि सुटीत मुलांनी तिकडे यावं असं त्यांनी कळवलं होतं. मुलं नव्या कपड्यांत आगगाडीनं मसूरला उतरली. न्यायला कोणी आलेलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं आपुलकीनं चौकशी केली. जात कळली तसा तो मागे सरला. एकही गाडीवान मुलांना गाडीत घ्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडं ठरलं. अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार. रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. डबा जवळ होता, पाणी नव्हतं. मुसलमान आहोत असं सांगूनही नाकेदारानं पाणी दिलं नाही. मुलं भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपली.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे आणि आपण सगळ्यांनी तो वाचलेला आहे. आपण तो लहान मुलाच्या अपमानाची गोष्ट म्हणून वाचतो. आमची विनंती आहे की तो एका माजी सैनिकाच्या कुटुंबाची गोष्ट म्हणूनही वाचा. मुलांचे वडील सुभेदार, खिशात भाड्याचे पैसे, अंगावर चांगले कपडे. फौजेनं दिलेलं सगळं त्यांच्याकडे होतं आणि सरकारी रस्त्यावर त्यातलं काहीही चाललं नाही. रस्ता सरकारचा, टोल सरकारचा, पाणी मात्र जातीचं! त्या वळणावर सैनिकाच्या मुलांसाठी निवारा दाखवणारी एखादी पाटी असती तर? तरी उपयोग झाला नसता. आत घ्यायचं की नाही हे नाकेदार ठरवत होता.

गणवेशातला आयझॅक वुडर्ड

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. अमेरिकेत यादवी युद्धात सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या फौजेत लढले. युद्ध संपत असताना, मार्च १८६५ मध्ये, अपंग सैनिकांसाठी राष्ट्रीय निवास उभारायच्या कायद्यावर लिंकन यांनी सही केली. त्या कायद्यानं कृष्णवर्णीय सैनिकांना वगळलं नव्हतं. प्रत्यक्षात निवासात राहणं-जेवणं अनेकदा वेगळं असे. वाट खुली आणि पंगत निराळी, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

१२ फेब्रुवारी १९४६. आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय सार्जंट दुसऱ्या महायुद्धातून परतला होता. त्याच दिवशी सन्मानानं सेवामुक्त होऊन, गणवेशातच, तो बसनं घरी निघाला. वाटेत लघवीला उतरायचं म्हणाला म्हणून ड्रायव्हरशी शब्दाला शब्द लागला. दक्षिण कॅरोलायनातल्या बेट्सबर्ग गावात त्याला खाली उतरवण्यात आलं आणि पोलीसप्रमुखानं त्याला इतकं मारलं की त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. पोलीसप्रमुखावर खटला झाला आणि गोऱ्या पंचांनी त्याला निर्दोष सोडलं. या प्रकरणानं अध्यक्ष ट्रुमन हादरले आणि १९४८ मध्ये त्यांनी फौजेतला वर्णभेद संपवणारा आदेश काढला. बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं तेही १९४६ मध्येच.

त्या काळात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वाहनचालकाला महामार्गावरचे फलक पुरत नसत. कुठल्या हॉटेलात खोली मिळेल, कुठे जेवायला मिळेल, हे सांगणारं 'ग्रीन बुक' नावाचं पुस्तक तो गाडीत ठेवी. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यानं ते १९३६ मध्ये सुरू केलं आणि ते तीस वर्षं निघत होतं. सरकारी फलक सगळ्यांसाठी नसतो तेव्हा वगळलेल्या लोकांना आपला नकाशा आपणच करावा लागतो.

२०१९ मध्ये बेट्सबर्गमध्ये वुडर्डच्या नावाचा फलक लागला. त्याची शेवटची ओळ ब्रेलमध्ये आहे. त्याला ७३ वर्षं लागली आणि तो सरकारच्या मनात आलं म्हणून लागलेला नाही. त्यासाठी लोकांनी पाठपुरावा केला.

सोलापूरचं वसतिगृह

आपल्या लोकांनी आपला नकाशा कसा केला? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. त्यात धर्मशाळा हा शब्द आहे, हे विसरू नका. प्रवासातल्या मुक्कामाचा हक्क त्यात होता. कागदावरचा हा हक्क जमिनीवर आणायला १९२७ मध्ये महाडला जावं लागलं. महाडच्या सत्याग्रहातही निवृत्त फौजी होते. शिस्त कशी ठेवायची, रांग कशी धरायची, मार खाऊनही पांगायचं नाही, हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

याच काळात सोलापुरात एक गोष्ट घडली. बहिष्कृत हितकारिणी सभेनं ४ जानेवारी १९२५ रोजी इथे हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं. राहणं, जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं यांचा खर्च सभेनं उचलला. सोलापूर नगरपालिकेनं ४० रुपयांचं अनुदान दिलं. सभेच्या कामाची ही सुरुवातीची पायरी.

आम्ही या दोन गोष्टी जोडून बघतो. १८९२ नंतर भरती बंद झाली तेव्हा नोकरी तर गेलीच, पण पलटणीची शाळाही गेली. ज्या वाटेनं वलंगकर आणि रामजी सुभेदार शिकले ती वाट बुजली. १९१७ मध्ये महायुद्धाची गरज म्हणून १११ महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो! मग सरकारी फौजेच्या भरवशावर किती पिढ्या थांबायचं? वसतिगृह हे त्याचं उत्तर होतं. खेड्यातल्या मुलाला शहरात डोकं टेकायला छप्पर मिळालं की शिक्षणाची वाट पुन्हा सुरू होते. फौजेची दारंही बाबासाहेबांनी सोडली नाहीत. १९४१ मध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या पहिल्या बोधचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता.

आज वाट कुठे अडते?

आज माजी सैनिकांसाठी काहीच नाही असं आम्ही म्हणणार नाही. पुण्याजवळ खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. जवान तिथे वर्षानुवर्षं राहतात. अपंग सैनिकांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरी संस्था १९१७ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे खडकीला आली. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाची जिल्हा कार्यालयं आहेत, अनेक ठिकाणी सैनिक विश्रामगृहं आणि सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहं आहेत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी, एरवी औषधांसाठी, कॅन्टीनसाठी खेड्यातला म्हातारा फौजी जिल्ह्याच्या गावी येतो. शेवटची एसटी चुकली तर रात्री टेकायला त्याला हेच विश्रामगृह लागतं. ते कोणत्या गल्लीत आहे हे त्याला कळायला नको?

सातारा जिल्ह्यात अपशिंगे गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान पडले. लोक त्या गावाला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. गावाच्या नावातच फौज आहे. पाटी वाचणाऱ्याला गावानं काय दिलं ते एका शब्दात समजतं. त्या गावाचा हा मान रास्त आहे, आम्हाला त्याचा हेवा नाही.

पण दुसऱ्या पाट्या आठवा. याच महाराष्ट्रात हजारो वस्त्यांची सरकारी कागदांवर आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर नावं होती ती महारवाडा, मांगवाडा. त्या वस्त्यांतूनही पोरं फौजेत गेली, सीमेवर लढली, पेन्शन घेऊन परत आली. एका गावाच्या पाटीवर मिलिटरी आणि दुसऱ्या फौजीच्या घराच्या पाटीवर जात! डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. निर्णय चांगला. पण शासन निर्णयाच्या कागदानं गावातली पाटी आपोआप बदलत नाही. पाटी बदलली तरी सातबारा, रेशनकार्ड आणि लोकांची जीभ मागे राहते.

म्हणून नुसता 'आमच्या शूरांचा सन्मान करा' अशी मागणी आम्हाला अपुरी वाटते. सन्मान वर्षातून एकदा होतो, हार घालून संपतो. वाट रोज लागते.

काय करायचं?

एक. फलक कोणाच्या मर्जीवर लागत नाहीत, त्यांचे नियम आहेत. भारतीय रस्ते काँग्रेसच्या ६७ क्रमांकाच्या संहितेत रस्त्यावरील चिन्हांचं सगळं ठरवून दिलेलं आहे. सोयी-सुविधांचे फलक निळे, पर्यटनस्थळांचे तपकिरी. राष्ट्रीय महामार्ग असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचं राष्ट्रीय महामार्ग कार्यालय, राज्यमार्गाला सार्वजनिक बांधकाम विभाग, गावरस्त्याला जिल्हा परिषद. सैनिक विश्रामगृहाकडे निळा फलक मागणारा अर्ज एका पानात होतो. वलंगकरांनी टाइपरायटरशिवाय अर्ज केले, आपल्या हातात मोबाईल आहे.

दोन. आपल्या तालुक्यात जातिवाचक नावाच्या किती वस्त्या होत्या, किती बदलल्या, किती पाट्या अजून तशाच आहेत, हे माहिती अधिकारात विचारा. ग्रामसभेत ठराव मांडा. वस्तीत माजी सैनिक असेल तर त्यालाच ठराव मांडू द्या. त्याच्या समोर "आमच्या गावात जात नाहीच" म्हणणं जरा अवघड जातं.

तीन. वलंगकरांची, रामजी सुभेदारांची दापोली, सुभेदारांचं साताऱ्यातलं वास्तव्य, सोलापूरचं १९२५ चं वसतिगृह ही आपल्या चळवळीची घरं आहेत. १ जानेवारीला स्तंभाकडे जाणाऱ्या गाड्या वर्षात एकदा तरी या गावांकडे वळल्या पाहिजेत. जिथे लोक जातात तिथे फलक लागतात, हे पंढरपूरनं आणि तुळजापूरनं दाखवून दिलेलं आहे.

चार. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या फौजींकडे बसा, लिहून घ्या. कोणत्या पलटणीत होते, कुठे लढले, आणि परत आल्यावर गावात काय झालं. शेवटचा प्रश्न विचारायला विसरू नका. इतिहासाच्या पुस्तकात तोच राहून जातो.

१९०१ मध्ये एका सुभेदाराची मुलं सरकारी रस्त्यावर तहानेली झोपली. त्यांपैकी एकानं पुढे या देशाचं संविधान लिहिलं आणि त्यात दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांवर जातीवरून कोणाला अडवता येणार नाही असं पंधराव्या कलमात नोंदवलं. रस्ता हा शब्द तिथे उगाच आलेला नाही. त्या रस्त्यावर पाटी कोणाच्या नावाची लावायची, हे ठरवण्यात आपलाही वाटा आहे. तो मागा. अर्ज लिहा.

जयभीम!